घरात आलेले वैराग्य

आधीच सांगते, अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला मराठी चौथीतही जमले नाही. हे कोणी वाचायचे नाही. वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

आमची स्वारी दिवसा ठाण्याच्या कचेरीत कारकून आणि संध्याकाळी गुत्त्यावर मुक्कामाला. शेवटी सासऱ्यांनी बेलभंडारा उचलायला लावून दारू सोडवली. ती खरोखर सुटली. आळीत पेढे वाटले.

मग स्वारी भिंतीकडे तोंड करून बसली. जेवण नाही, बोलणे नाही, दाढी वाढलेली, डोळ्यांना धार. सासूबाईंनी निदान केले, "अगं, हे वैराग्य! पुण्याई लागते." झाले! बायका पाया पडायला येऊ लागल्या. नारळ इतके जमले की खोबरे विकत आणावे लागेना. गुत्तेवाला शेठही येऊन हात जोडून गेला, आणि जाता जाता उधारीची आठवण देऊन गेला.

एका दुपारी भक्तमंडळी पांगल्यावर महाराजांनी मला हळूच विचारले, "विहिरीला पाणी किती आहे गं?"

"का हो?"

"असंच."

चार बायकांत माझा आवाज फुटत नाही. पण मी तशीच ओसरीवर गेले, सासऱ्यांना विहिरीचे सांगितले आणि म्हटले, "हे वैराग्य नाही, आजार आहे. कल्याणच्या वैद्यांना दाखवा."

"हिला चौथी शिकवली तिथेच चुकलं!" सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी मात्र पागोटे चढवले.

वैद्यबुवा स्वारीशी एकांतात बराच वेळ बोलले. मग सासऱ्यांना म्हणाले, "उदासी दारूच्या आधीची आहे. तिच्यावर औषध म्हणून हा पीत होता. तुम्ही दारू काढून घेतलीत, उदासी तशीच ठेवलीत. दोन्हींवर एकदम उपचार हवा. एकटा सोडू नका, रोज चालवा, आणि दारूवरून टोमणा नको."

शेवटचे पथ्य सासूबाईंना फार जड गेले.

काढे मी देई, सासरे पहाटे खाडीपर्यंत चालवत. भक्त गळाले, दाढी केलेला, पोळी मागून घेणारा संत कोणाला हवा? मध्ये एकदा पिणेही झाले. आम्ही रडलो, वैद्यबुवांनी नुसता काढा बदलला. पुढे कचेरी सुरू झाली, आणि पगारातून गुत्त्याची उधारी सासऱ्यांच्या हातून थोडी थोडी जाऊ लागली.

शेवटचे पैसे द्यायच्या दिवशी स्वारी म्हणाली, "मीच देऊन येतो."

सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी दारात उभी. चुलीवरचा भात शिजायच्या आत पावले वाजली. तोंडाला वास नव्हता.

"फिटले सगळे," म्हणाले, आणि पाय धुवायला पाणी मागितले.