शंकरप्पाचा कान आणि मोळीची पूजा

निलंग्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात शंकरप्पाच्या कानाला जेवढा मान आहे तेवढा चेअरमनच्या भाषणालाही नाही, आणि हे सगळ्यात आधी शंकरप्पाच सांगतो. तो वाफेच्या ट्रॅपचा फिटर. वाफ नळीतून जाता जाता थोडी थंड होते, तिचं पाणी होतं. ते पाणी बाहेर सोडायचं आणि वाफेला मात्र आतच अडवायचं, असं दारवानाचं काम करणारा लोखंडी डबा म्हणजे ट्रॅप. शंकरप्पा लांब पेचकस ट्रॅपवर टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. टिक-टिक ऐकू आलं तर ट्रॅप ठणठणीत. नुसतं सूंऽऽ आलं तर वाफ फुकट चालली. काहीच ऐकू आलं नाही तर पाणी तुंबलं. मग शंकरप्पा डोळे उघडून जवळ उभ्या असलेल्या माणसाला शिवी देतो, कारण ट्रॅपला देऊन उपयोग नसतो.

तुंबलेलं पाणी म्हणजे चेष्टा नव्हे. मागून जोराची वाफ आली की ती त्या पाण्याला गोळ्यासारखी पुढं भिरकावते आणि नळीच्या वळणावर तो गोळा घणासारखा बसतो. वळण फुटलं तर खाली उभा असलेला माणूस जागच्या जागी भाजतो.

हे सगळं शंकरप्पाला पाठ. तरीही यंदा गव्हाणीजवळचा ट्रॅप त्यानंच बंद केला.

त्याचं झालं असं. ऊस जिथून आत जातो ती गव्हाण. हंगामाच्या पहिल्या दिवशी तिची पूजा करून पहिली मोळी टाकतात, आणि पूजेला कामगारांतलं एक जोडपं बसवायचं ही आमच्याकडची रीत. यंदाचा मान शंकरप्पा आणि त्याची बायको मल्लम्मा यांचा. मल्लम्मानं कोरं इरकल लुगडं काढलं आणि शंकरप्पाच्या लक्षात आलं, की पाटाच्या शेजारचा ट्रॅप सारखा गढूळ, कढत पाणी थुंकत असतो. सकाळी कुणी बघत नाहीसं पाहून त्यानं ट्रॅपच्या अलीकडचा कॉक, म्हणजे नळीवरची तोटी, आवळून टाकला. बेत सोपा होता. आधी पूजा, मग आरती, मग गुपचूप कॉक उघडायचा, आणि त्यानंतर भोंगा. भोंगा झाला की वर टर्बाइनपाशी तिथला तरणा ऑपरेटर अश्वजित वाफेचा मोठा व्हॉल्व्ह उघडणार. तोवर नळी नुसती गरम ठेवण्यापुरती थोडी वाफ सोडलेली.

इंजिनिअर मंजुश्रीबाईंनी विचारलंही होतं, "शंकरप्पा, सगळे ट्रॅप बघितले?"

"म्याडम, माझा कान फिरलाय सगळीकडं. बेफिकीर ऱ्हावा."

पूजा सुरू झाली. शंकरप्पा उघडाबंब, कमरेला धोतर, खांद्यावर उपरणं, आणि उपरण्याची गाठ मल्लम्माच्या पदराला. चेहरा असा, की कारखाना त्याच्या आजोबांनी बांधला असावा. तेवढ्यात माईक खरखरला. प्रमुख पाहुण्यांना भोकरला दुसरं उद्घाटन आहे, तेव्हा नारळ, मोळी आणि भोंगा आधी, आरती मागून!

शंकरप्पाच्या हातातल्या अक्षता ताटात सांडल्या.

"अवो, घाम कशाचा सुटलाय?" मल्लम्मा कुजबुजली.

"टरॅप बंद हाय. नळीत पाणी भरून राहिलंय."

"कुणी बंद केला?"

"मी."

"कशापायी?"

"तुझ्या लुगड्यापायी."

मल्लम्मानं त्याच्याकडं जे पाहिलं ते लिहिता येत नाही. "मंग सांगा की कुणाला तरी!"

आता कॉक उघडला तरी एवढं पाणी भोंग्याआधी निघणार नव्हतं, अश्वजितलाच थांबवायला हवं होतं. पण सांगणार कसं? फोन खोलीत खुंटीवरच्या पँटीत. डोक्यावर कर्णा, बाजूला हलगी. मंडपाच्या पलीकडच्या टोकाला मंजुश्रीबाई दिसल्या. शंकरप्पानं हवेत दोन्ही हातांनी चाक फिरवून दाखवलं: बंद करा, बंद! बाईंना वाटलं, व्हॉल्व्ह तयार आहे का असं विचारतोय. त्यांनी हसून अंगठा दाखवला.

"महाराज, जरा उठू का?" शंकरप्पानं भटजींना विचारलं.

"पूजेतून जोडपं उठलं तर अख्ख्या हंगामाला दोष लागतो."

शंकरप्पा पुन्हा बसला. हंगाम बुडाला तर गाव आपलंच नाव घेईल, हे त्याला दिसत होतं. डोळ्यांपुढं अश्वजितही दिसत होता, वर व्हॉल्व्हपाशी, नळीच्या वळणाच्या बरोबर खाली. पाहुण्यांनी नारळ उचलला.

"एळ्री!" मल्लम्मा उठली. माहेर सीमेपलीकडचं, घाई झाली की तिला कानडी सुचतं. "उठा म्हणते नं!"

"बाई, दोष लागेल!" भटजी ओरडले.

"आन माणूस मेला तर काय लागतं?"

गाठ पक्की होती, त्यामुळं शंकरप्पाला उठण्यावाचून इलाजच नव्हता. मल्लम्मा पुढं, तो मागं, अशी वरात लोखंडी जिन्यावरून निघाली. लोक हसायला लागले. अर्ध्या जिन्यात भोंगा वाजला.

वर अश्वजित पाठमोरा. भोंग्यासाठी कानात कापूस. हात चाकावर, चाक फिरतंय. शंकरप्पानं हाक मारली ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही. नळीत ठण्ण झालं. मग धाड! अख्खी नळी आधारावर उचलली जाऊन आपटली, वरून धूळ पडली. अश्वजितला वाटलं हलगी जोरात वाजतेय. तो चाक फिरवतच राहिला.

मल्लम्माच्या हातात पूजेचा तांब्या तसाच राहिला होता. तिनं तो फेकला. तांब्या अश्वजितच्या खांद्यावर बसला, तो कळवळून वळला, आणि उघडाबंब शंकरप्पा हवेत चाक उलटं फिरवताना त्याला दिसला. ह्या वेळी खूण समजली. त्यानं सगळं अंग टाकून चाक बंद केलं. आणखी एक धाड झाली, पहिलीपेक्षा हलकी. मग नुसतं नळीचं कुरकुरणं.

मंजुश्रीबाई धापा टाकत आल्या. नळीखाली फिरल्या, कॉक पाहिला. "हा कुणी बंद केला?"

सकाळी त्याला बघणारा कुणीच नव्हता. रंगारी चार दिवस तिथंच वावरत होते. त्यांच्यावर सहज ढकलता आलं असतं. शंकरप्पानं तोंड उघडलं, आणि अश्वजितकडं बघितलं. तो खाली बसून डोक्यावरच्या वळणाकडं टक लावून पाहत होता.

"मी केला, म्याडम."

"कशासाठी?"

"माझ्या लुगड्यासाठी, बाई," मल्लम्मा म्हणाली. "मला इचारलं असतं तर जुनंच नेसले असते की!"

बाई हसल्या नाहीत. वाफ पूर्ण उतरू दिली, स्वतः हळूहळू कॉक उघडला, पाणी काढून टाकलं आणि सगळी लाइन पुन्हा तपासायला लावली. पाहुणे भोकरला निघून गेले. मोळी संध्याकाळी पडली.

आता शंकरप्पानं ऐकलेला प्रत्येक ट्रॅप अश्वजितनं पुन्हा ऐकायचा, असा बाईंचा हुकूम आहे. शंकरप्पा ऐकतो, बाजूला सरकतो, आणि अश्वजित पेचकस टेकवून डोळे मिटतो. मुद्दाम वेळ लावतो.

"काय रे, मुहूर्त बघायलास का?"

"थांबा, काका," अश्वजित डोळे न उघडता म्हणतो. "त्या वळणाखाली डोकं माझं होतं."

शंकरप्पा थांबतो.