एकाच ओळीत अडणाऱ्या दोघी

दुष्काळाच्या वर्षी माझी जुळी बहीण आत्याकडे गेली आणि मी घरी राहिले. आम्ही तेव्हा चार वर्षांच्या होतो. औश्याजवळच्या खेड्यात अप्पांचं, म्हणजे वडलांचं, किराणा दुकान होतं, पण गिऱ्हाईकच खडी फोडायला जायला लागल्यावर दुकान उघडून काय करणार? शेवटी आमची आई, अव्वाही खडीवर जाऊ लागली. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. ती किनवटकडे इस्लापूरला असायची, तिचे यजमान जंगलखात्यात होते, मूलबाळ नव्हतं. ती भेटायला आली आणि आमची दशा बघून म्हणाली, "दोघीतली एक मला द्या. तिकडं अजून झऱ्याला पाणी हाय." मला त्या दिवशी ताप होता. म्हणून बहीण गेली. कारण एवढंच.

पुढं पाऊस झाला, पण आत्याला तिचा लळा लागला होता आणि "परत दे" असं म्हणणं अव्वाला जमेना. आमच्याकडून इस्लापूर तेव्हा परदेशासारखं लांब. एकदोन लग्नांत भेटलो तेवढंच. मांडवात समोरासमोर उभं राहून एकमेकींकडं टकामका बघायचो, आणि आजूबाजूच्या बायका आम्हाला अदलाबदल करून हाका मारायच्या. पण लग्नात पोरींच्या हातात कुणी पुस्तक देत नाही. त्यामुळे पुढं जे कळलं ते तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

मला वाचता यायचं नाही. म्हणजे अक्षरं ओळखू यायची, एकेकटी. पण शब्दात येऊन बसली की त्यांचा नूर बदलायचा. घ आणि ध, भ आणि म, कोण कुठला ते ठरेना. जोडाक्षर आलं की मी तिथंच थांबायचे, जसा बैल ओढ्याच्या काठावर थांबतो. मी त्यावर एक युक्ती काढली होती. धडा शेजारणीकडून एकदा वाचून घ्यायचा आणि पाठ करायचा. दुसरी युक्ती, रिबनीची घडी करून खालच्या ओळी झाकायच्या, म्हणजे डोळा घसरायचा नाही. गणितात मी बरी होते, गोष्ट सांगण्यात तर वर्गात पहिली. तरीही गुरुजी म्हणायचे, "तोंड चालतंय, अभ्यास चालत न्हाई. आळशी हाय पोरगी." मीही ते खरं मानलं. रोज ऐकलं की माणूस मानतोच.

तोवर आम्ही लातुरात राहायला आलो होतो आणि अप्पांनी गोलाईच्या बाजाराजवळ छोटं दुकान टाकलं होतं. मग उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. गावाला एकदम भाव आला. रोज नवी कचेरी, रोज नवा साहेब, भाड्याच्या खोल्या मिळेनात. त्याच गडबडीत आत्याच्या यजमानांची बदली लातूरला झाली, आणि माझी बहीण दप्तर घेऊन माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात आली.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी कौतुकानं तिला उभं केलं. "बघू, किनवटची पाव्हणी कसं वाचतीय."

तिनं पुस्तक उघडलं. वेणीची रिबन सोडली, तिची घडी केली आणि खालच्या ओळींवर ठेवली. मग वाचायला लागली. पहिल्या जोडाक्षराशी थांबली. मागं गेली, पुन्हा आली, भ चा म केला, जीभ चावली. जिथं जिथं मी अडायचे तिथं तिथं ती अडली. अडताना डावा खांदा वर उचलायची माझी खोड, तीही तशीच.

वर्ग खदाखदा हसला. सगळ्यांना वाटलं, ती माझी नक्कल करतेय. गुरुजींनाही तेच वाटलं. "पहिल्या दिवशी टिंगल?" म्हणून त्यांनी तिला बाकावर उभं केलं. आणि मलाही तेच वाटलं. माझे कान तापले. मधल्या सुट्टीत मी तिला हापशाजवळ गाठलं.

"इतक्या वर्षांनी आलीस ती माझी फजिती करायला?"

"कसली फजिती? मी कुणाची नक्कल नाही करून राहिले. मला असंच येतं."

"खोटं. रिबन कुणी सांगितली तुला?"

"कुणी नाही. माझी मीच काढली," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा आवाज बदलला. "का गं? तूपण?"

आम्ही दोघी तिथंच खाली बसलो. चेहरा सारखा असणं मला नवं नव्हतं, आरशात रोज दिसायचा. पण ही गोष्ट आत, कुठंतरी डोळ्यांच्याही मागं होती. तिची शाळा वेगळी, गुरुजी वेगळे, तिच्या आजूबाजूला जंगल आणि निम्मी मुलं तेलुगू बोलणारी. मी बाजारात वाढलेली. आणि एवढं सगळं वेगळं असून आम्ही एकाच शब्दाच्या एकाच अक्षरावर थांबत होतो. मी आळशी असेन, पण मग इतक्या लांब राहून तीही तेवढीच, तशीच आळशी कशी?

ती मात्र स्वतःला आळशी समजत नव्हती. हा दुसरा धक्का. तिला पुस्तकं आवडायची. आत्या रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायची, मग तोच मजकूर तिच्याकडून हळूहळू वाचून घ्यायची. "आत्या म्हणते, माझे डोळे निवांत चालतात. पोचतात, पण निवांत."

त्या संध्याकाळी मी आत्याच्या खोलीवर गेले आणि विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, की ही आळशी नाही म्हणून?"

आत्या चुलीपुढून वळली. मग म्हणाली, "मी लहान असताना एका माणसाला असंच वाचून दाखवायची. तुझ्या अप्पाला."

मला हसू आलं. अप्पा दुकानात पेपर मागवायचे. मग आठवलं, तो कायम कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि अप्पा ऐकायचे. मराठी कागद पुढं आला की म्हणायचे, "आमचं शिक्षण निजामाच्या उर्दूत झालं." आणि उर्दू कागद घेऊन एखादे मौलवी आले की म्हणायचे, "आता सगळं मराठीत झालं, उर्दू विसरलो." दोन्ही भाषांच्या मधोमध ते आयुष्यभर उभे होते आणि कुणालाही संशय आला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र होते. आत्यानंच विषय काढला. "दादा, दोघी तुझ्यावर गेल्यात."

अप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "दोघीबी?" आणि मग इतक्या हळू, की अव्वाला पुढं वाकावं लागलं, "म्हंजे मी कामचुकार नव्हतो."

ते पन्नाशीकडं झुकलेले होते. मास्तरांनी लहानपणी त्यांना चिकटवलेला शब्द ते तेव्हापासून वागवत आले होते. अव्वानं त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मला ठावं होतं की. तुमी सांगाल म्हणून थांबले होते."

दुसऱ्या दिवसापासून आत्या आम्हा दोघींना समोर बसवून वाचू लागली, आणि दुकान बंद केल्यावर अप्पाही येऊन भिंतीला टेकू लागले. वर्षभरात मी पान वाचू लागले. निवांतच. दहावीला एक विषय राहिला तो पुन्हा दिला. बहीण पहिल्या झटक्यात सुटली. ती नर्स होऊन नांदेडला गेली. मी शिवणकाम शिकले, दुकान टाकलं, पुढं लग्न होऊन नांदेडलाच गेले. तिला परीक्षेची भीती कधी वाटली नाही. मला अजून कुठल्याही कचेरीत कागद पुढं आला की घाम फुटतो. डोळे सारखेच, अडणं सारखंच. पण एकीला लहानपणी "निवांत" म्हटलं गेलं आणि दुसरीला "आळशी".

माझी मोठी लेक शाळेत जायच्या आधीच दुकानांच्या पाट्या वाचायची. धाकटी अडू लागली, तेव्हा मी तिला नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी विचारलं, "घरात अजून कुणाला असं आहे?" मी सांगायला लागले आणि त्यांनी पेन खाली ठेवला. बहिणीचं ऐकून त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

"ताई, जुळ्यांकडं बघूनच तर शास्त्रज्ञांना हे उमजत गेलं," त्या म्हणाल्या. त्यांनी समजावलं ते असं: अक्षरं माणसानं केली, निसर्गानं नाही. वाचण्यासाठी डोक्यात वेगळी जागा दिलेली नसते. पाहण्याची वाट आणि ऐकण्याची वाट जोडून प्रत्येक मूल ती नव्यानं तयार करतं. ती जोडणी किती सहज होते, हे पुष्कळसं आईबापांकडून येतं. एका ठिकाणाहून नाही, बारीक बारीक असंख्य कणांतून, म्हणून एकाच घरात एक पोर झरझर वाचतं आणि दुसरं अडतं. आणि लहानपणचं वाचन पुढच्या शिक्षणात, कामात, सगळीकडं डोकावत राहतं.

"म्हणजे ठरलेलंच का?" मी विचारलं.

"सुरुवात कुठून, ते बरंचसं," बाई म्हणाल्या. "पुढं कुठवर, ते तुम्ही आत्ता हिच्याशी काय बोलता त्यावरही."

बाहेर आले तेव्हा धाकटी बाकावर बसून पाय हलवत होती. मी तिच्याकडं नुसती बघत राहिले. माझ्या आजोबांना मी पाहिलेलं नाही, त्यांच्या वडलांचं तर नावही नीट माहीत नाही. त्यांच्यातले कित्येक जण अक्षर न बघताच गेले असतील. कुणी गुरं वळली असतील, कुणी धान्य मापलं असेल, आणि आपल्यात असं काही आहे हे कुणालाच कधी कळलं नसेल. ते शांतपणे एकातून दुसऱ्यात येत राहिलं, आणि पोरांपुढं पाटी आली तेव्हा कुठं दिसलं.

"आई, काय म्हणाल्या बाई?" तिनं विचारलं.

"म्हणाल्या, तुझे डोळे निवांत हायेत. चल, मावशीकडं जाऊ."

बहीण दवाखान्यातून नुकतीच आली होती. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले, आणि पोरीला जवळ ओढून फळीवरचं गोष्टींचं पुस्तक काढलं. "मी एक ओळ, तू एक ओळ," ती म्हणाली. मावशी आणि भाची दोघी वाचू लागल्या. एकाच जोडाक्षरापाशी दोघीही अडल्या, एकमेकींकडं बघून हसल्या, आणि पुढं गेल्या.