बुटांतले बदाम

आमचे जावई गुरुनाथराव शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला गेले, तेव्हा घरी ठेवायचे कॉम्प्युटर नुकतेच निघाले होते. बाहेर बर्फ, जायचं कुठं? खोलीत बसून त्यांनी एक खेळ रचला. नदीत होडी, मागं मगर. तो कॅसेटवर भरून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात विकायचे, उदबत्तीच्या पुड्यासारखा. खेळ चालला, विकणारी कंपनी बुडाली. मग लग्न झालं आणि जावयांनी वीस वर्षं ऑफिसांचे रुक्ष प्रोग्रॅम लिहिले.

२००१ साली तीही नोकरी गेली. पुढच्या वर्षी मी त्यांच्या घरी सनीव्हेलला आले तर जावई मटार सोलत बसलेले. इंटरव्ह्यू घेणारी पोरं यांच्या शर्टापेक्षा लहान. माझी लेक उत्तरा म्हणाली, "बायोडेटातून जुनं काढा, वय कळतं." त्यांनी मगर काढली. तरी कुणी घेईना. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर घर विकायचं ठरलं.

माझी निघायची वेळ आली. अमेरिकेतून कुणी देशी निघालं की ओळखीतली सगळी पार्सलं त्याच्याच गळ्यात. उत्तराच्या मैत्रिणीची, वसुधाची मुलगी शिवांगी पुण्याच्या आजीसाठी नॉनस्टिक पॅन घेऊन आली. "आज्जी, प्लीज, एवढंच!" बॅग तर आधीच मिटत नव्हती.

"आई, सरका," म्हणत जावयांनी सगळं बाहेर काढलं. बदाम नव्या बुटांत कोंबले.

"बुटांत बदाम?" मी चष्मा सावरत म्हटलं, "उद्या देव्हाऱ्यात मोजे ठेवाल!"

"बूट कोरे आहेत हो. पोकळी फुकट घालवायची नाही."

पॅन बसला, बॅग मिटली. शिवांगी बघतच राहिली. "काका, आमच्या कंपनीचा गेम असाच फोनमध्ये मावत नाहीये. जागाच नाही यार!"

"आमच्या खेळातली होडी उलटी केली की झोपडीचं छप्पर व्हायची. एकच चित्र, दोन कामं."

"तुम्ही गेम लिहायचात? आईनं बायोडेटा दिला होता, त्यात नव्हतं!"

जावयांनी उत्तराकडे पाहिलं. उत्तरानं छताकडे.

सोमवारी त्यांना शिवांगीच्या कंपनीचं बोलावणं आलं. मी पुण्यात बदाम निवडत होते तेव्हा फोन आला, काम मिळालं, घर राहिलं.

पुढच्या खेपेला जावयांनी माझ्या हाती फोन दिला. होडी, झोपडी, मगर, सगळं हजर. मगरीनं मला लगेच गिळलं. तिचा चेहरा ओळखीचा वाटला खरा, चष्म्यासकट. पण जावयाला विचारणार कोण!