चॉकलेटी-पिवळे पट्टे

आमच्या घरातला पहिला पडदा म्हणजे आईचं जुनं लुगडं. त्याचे दोन तुकडे करायचे, वरच्या कडेला नेफा शिवायचा, त्यात सुतळी ओवायची आणि बाहेरचा सोपा नि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात दोन खिळ्यांना बांधायची. झाला पडदा! निवडायचा प्रश्नच नव्हता. जे लुगडं आधी विरलं ते दारात लागलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांची हीच तऱ्हा होती. कुणाच्या घरचं कोणतं लुगडं फाटलं हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग सत्तरच्या आसपास लोकांना हौस सुटली. खूळ लागलं म्हणा हवं तर. खिडक्यांना पडदे आले. तेही आधी अर्धेच, खालच्या बाजूला, म्हणजे वरून उजेड यावा आणि खालून कुणी डोकावू नये. सुतळी गेली आणि प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंग आली. पहिल्यांदा फुलांचं फॅड निघालं, एकेक गुलाब कोबीच्या गड्ड्याएवढा. दोन वर्षांत फुलं बाद झाली आणि जाड सुताचे, उभ्या रुंद पट्ट्यांचे पडदे आले. ज्याच्या खिडकीला पट्टे नाहीत तो मागासलेला. एका घरी तर दारात मण्यांच्या माळा सोडल्या होत्या. आत जाताना त्या केसांत अडकायच्या, पण कौतुक केवढं त्यांचं!

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते आणि आमच्या घरापुरती या विषयातली तज्ज्ञ मीच. कुणाकडे काय लागलंय, महाद्वार रोडला कोणत्या दुकानात काय आलंय, सगळी बित्तंबातमी माझ्याजवळ. फुलांचे पडदे मीच निवडले होते. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या पोरीला त्यातलं लई कळतंय." मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्यात दादाचं लग्न झालं. वहिनी नेसरीकडची. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. मायलेकी गावी राहायच्या आणि मामा कोल्हापुरातून त्यांचं सगळं बघायचा. लग्नही त्यानंच लावून दिलं. मामाचं घर आमच्यापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर, पण पलीकडच्या पेठेत. हे सांगायचं कारण असं, की आमच्याकडे फुटबॉल हा नुसता खेळ नसतो. माणूस कुठल्या तालमीचा, हे आधी बघतात. दादा आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर. पलीकडच्या पेठेचा संघ म्हणजे कट्टर वैरी, आणि त्यांच्या जर्सीवर चॉकलेटी नि पिवळे उभे पट्टे. आमच्या घरात पिवळं पातळ चालायचं, चॉकलेटीही चालायचं, पण दोन रंग एकत्र कुणी अंगाला लावत नसे. वहिनीला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. येऊन वर्ष झालं तरी तिनं एक मॅच पाहिली नव्हती. बायका कुठं जायच्या तेव्हा मैदानावर!

त्या हिवाळ्यात आई म्हणाली, "यंदा पडदं सूनबाई आणू दे. तिचंबी घर हाय." आणि मला म्हणाली, "तू संगट जा, दुकान दाखव."

संगट जा! म्हणजे मी आता वाट दाखवायला. मला झोंबलं, खोटं कशाला सांगू?

दुकानात वहिनी आधी बिचकली. एरवी घरात तिचा आवाज ऐकू यायचा तो आईला 'व्हय, आत्याबाई' आणि 'न्हाई, आत्याबाई' एवढाच. पण कापड हातात आलं तशी ती बदलली. दुकानदार ठाण उलगडत गेला आणि ती एकेक बाजूला सारत गेली. हे धुतल्यावर आटंल, ह्याचा रंग जाईल, हे उन्हात पांढरं पडंल. दोन बोटांत कापड चोळून बघायची, दारापाशी नेऊन उजेडात धरायची. मी नुसत्या फॅशनी सांगणारी, तिला कापडातलं कळत होतं. माझ्या ते लक्षात आलं आणि मी आणखीच फुगले. शेवटी तिनं एक ठाण हातात घेतलं आणि ते काही खाली ठेवेना. चॉकलेटी नि पिवळे, चार-चार बोटं रुंद उभे पट्टे.

"वन्सं, ह्ये बघा की! सकाळच्या उन्हात कसं झळकंल!"

मी बघितलं. क्षणभर तोंडापर्यंत आलंसुद्धा, की अहो वहिनी, हे कुठलं काढलंत. पण म्हटलं, बघू दे हिची हुशारी. घरी गेल्यावर आई डोक्याला हात लावेल, चार जण हसतील, आणि कापड बदलायला मलाच पाठवतील. एवढाच माझा हिशेब. "छान हाय," मी म्हणाले.

पण वहिनीनं पुडकं घरात कुणाला उघडून दाखवलंच नाही; खिडकीला लागल्यावरच बघू देत, म्हणाली. शिवायला टाकायला मी एकटी गेले. कोपऱ्यावरचे शिंपीचाचा आमच्या तालमीच्या जर्सी शिवायचे. त्यांनी पुडकं सोडलं, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघत राहिले. "बेटी, ह्ये तुमच्या घराला?"

"व्हय."

"दादाला ठाऊक हाय?"

"शिवा की चाचा, तुमाला काय करायचंय?" मी असं बोलले, त्यांच्या वयाच्या माणसाला. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मापं लिहून घेतली.

पडदे रविवारी सकाळी तयार झाले, आणि नेमकी त्याच रविवारी दुपारी त्या पेठेशी आमची मॅच होती. दादा तालमीत गेलेला, आई अंबाबाईला. वहिनीला सगळ्यांना चकित करायचं होतं. स्टुलावर चढून तिनं रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना पडदे लावले, खाली उतरून लांबून बघितले, एक थोडा खाली ओढला. पडदे सुरेख दिसत होते. आजही डोळ्यांपुढं आणले तर म्हणेन, त्या गल्लीत तसे पडदे पुन्हा लागले नाहीत.

अर्ध्या तासात गल्लीत गलका. गोलकीपरच्याच घरावर वैऱ्याचा रंग! पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणीतरी तालमीत जाऊन सांगितलं असणार, कारण दादा धावतच आला. खिडकीकडं बघितलं आणि आत येऊन एका झटक्यात पडदा खाली ओढला, स्प्रिंगसकट. "गल्लीत तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस!" पाठोपाठ आई आली, हातात प्रसादाची पुडी तशीच.

"मला ठाऊक न्हवतं," वहिनी म्हणाली. "देवाशप्पत न्हवतं ठाऊक."

"मामाचा पोरगा त्याच संघात खेळतोय आणि हिला ठाऊक न्हवतं!" आई म्हणाली. "मामाच्या पेठेचा रंग माझ्या खिडकीला लावलास व्हय ग? मी तुझं घर म्हटलं, आणि तू ह्ये केलंस?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. आईनंही बघितलं. "तू हुतीस की संगट. तू बोलली न्हाईस?"

गंमत केव्हाच संपली होती. दादाचा चेहरा बघून मला खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हणाले, "मी सांगितलं हुतं. त्येच पायजे म्हणाल्या."

नव्या सुनेनं नणंदेला खोटं पाडायचं, तेही सासूसमोर, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. वहिनीनं स्टूल घेतलं आणि दुसरा पडदा स्वतःच्या हातानं उतरवला.

मॅच बरोबरीत सुटली. दादा दोन-चार दिवसांत सगळं विसरला, त्याचा राग तसाच असायचा. आई विसरली नाही. तिनं वहिनीला कधी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त घरातलं काही बोलायचं झालं की ती आत आल्यावर आई थांबायची. "आतलं नगं सांगू, तिकडं जातंय," असं तिच्या पाठीमागं म्हणायची. मामाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मामा स्वतः अक्षत घेऊन आला होता. आईनं चहा पाजला, पण वहिनीला पाठवलं नाही. ज्या मामानं वाढवलं त्याच्या घरचं कार्य, पंधरा मिनिटांवर! त्या दिवशी वहिनी दिवसभर गहू निवडत बसली. मी समोर होते. मी तेव्हाही बोलले नाही. आज सांगते, उद्या सांगते, करत वर्षं गेली. माझं लग्न झालं. पुढं आईला अर्धांगवायू झाला आणि शेवटची दोन वर्षं तिचं सगळं वहिनीनं केलं, भरवण्यापासून धुण्यापर्यंत. तरी कपाटाची किल्ली आईनं माझ्याच हातात दिली.

आई गेल्यावर वर्षभरानं आम्ही नवराबायकोनं कॉलनीत फ्लॅट घेतला. तोवर जमाना बदलला होता. छताजवळून जमिनीपर्यंतचे पडदे, पितळी कड्या, वर चुण्या, आत पांढरी जाळी. मी वहिनीला दुकानात सोबत नेलं. दुकानदारानं दहा-बारा नमुने पसरले. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही निवडा."

तिनं हात पदराखालून काढलासुद्धा नाही. "तुम्हीच बघा, वन्सं. मला न्हाई त्यातलं कळत."

मला तिथं उभं राहवेना. दुकानाच्या पायरीवरच मी तिला सगळं सांगितलं. मला ठाऊक होतं, चाचांनी विचारलं होतं, मी मुद्दाम गप्प बसले, आईपुढं खोटं बोलले. रडलेही. हात धरून म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं."

तिनं हात सोडवून घेतला नाही. ती रागावलीही नाही.

"मला कशाला सांगताय, वन्सं?" ती म्हणाली. "मी मुद्दाम न्हवतं केलं, ह्ये मला ठाऊकच हुतं की. आत्याबाईंना सांगायचं हुतं."