सुनेच्या माहेरची थंडी

माझं माहेर महाळुंगे पडवळचं आणि सासर खोडदचं. दोन्ही गावांत अंतर फार नाही, पण थंडी वेगळी. माहेरचं घर गावठाणात, भिंतीला भिंत लागून. वारा आमच्यापर्यंत यायचा तो आधी शेजाऱ्यांच्या चार घरांवर आपटून यायचा. खोडदचं घर मळ्यात. चारी बाजूंनी मोकळं रान आणि लांब त्या तारे बघायच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या, आभाळाकडं तोंड करून उभ्या. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात एकदा सकाळी अंगणात आले, तर बांधावरच्या गवतावर पांढरं काहीतरी पसरलेलं. मला वाटलं कुणी राख सांडली. हात लावला तर बोटं चरचरली. सासूबाई म्हणाल्या, दव गोठलंय, हात नको लावू. त्या दिवशी मला वाटलं, यापेक्षा जास्त थंडी काय असणार?

थंडीवर आमच्याकडं उपाय ठरलेला. सकाळी उसाच्या पाचटाची शेकोटी, तिच्याभोवती गडीमाणसं, आतल्या बायकांना चुलीची धग, आणि ऊन वर आलं की कामाला लागायचं. घर उबदार असावं असं कधी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. घर सावलीसाठी असतं. थंडीतसुद्धा दार सकाळी उघडलं की दिवे लागेपर्यंत सताड उघडं. दिवसा दार लावलेलं दिसलं तर येणारा-जाणारा विचारायचा, कुठं गेली हो माणसं?

माझा मुलगा आयटीआय करून हिमाचलात, किन्नौर भागात एका वीजप्रकल्पाच्या कामावर इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्याचा फोन आला. तिथल्या दवाखान्यात एक मुलगी नर्स आहे, तिच्याशी लग्न करायचं म्हणाला. माझ्या मालकांनी मुलाचा फोनच घेतला नाही काही दिवस. मग एकदा जेवताना त्यांनी माझ्याच हातातून फोन घेतला आणि त्याला एवढंच विचारलं, की पोरीला रानातल्या कामाची सवय आहे का. मुलगा म्हणाला, त्यांची सफरचंदाची बाग आहे आणि छाटणी ती स्वतः करते. आमची द्राक्षाची बाग. छाटणी म्हटल्यावर ह्यांचा चेहरा जरा बदलला.

"मग जमंल," म्हणाले, आणि फोन मला परत दिला.

लग्न तिकडंच झालं, दिवाळीच्या आधी. छान ऊन होतं, बर्फ दिसला तो लांब डोंगरांच्या माथ्यावर. त्यामुळं तिथली थंडी कशी असते ते मला त्या वेळी काही कळलं नाही. मुलाचं तिथलं काम संपलं होतं. नारायणगावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्याला काम मिळालं आणि मार्गशीर्षात तो बायकोला घेऊन घरी आला.

नवी सून बघायला बायका आल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच. बर्फातली पोर, तिला आपली थंडी म्हणजे उन्हाळाच. आणि सून तर काकडत होती. अंगात दोन स्वेटर, वरून मुलाचं जाकीट, पायात जाड मोजे, तरी दातावर दात. बोटं सुजून लाल झाली. घरात फरशी, वर पत्रा, पत्रा आणि भिंतीच्या मधे हातभर फट, तिथून वारा सरळ आत. शेजारचे एक भाऊ ह्यांना म्हणाले, "आपलं खोडद हिमाचलच्या वरचढ निघालं की राव." सगळे हसले, सूनही हसली. पण तिचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं. मला काळजी लागली. वाटायचं, हिला आमच्यात करमत नसणार, आज ना उद्या ही माघारी जायचं म्हणेल.

एक दिवस सकाळी चहा झाला तरी ती दिसेना. मुलगा कामावर गेलेला. मी परसात बघितलं, बागेत जाऊन आले, हाका मारल्या. शेवटी गोठ्यात डोकावले. आमची गाभण गाय बसली होती, आणि सून तिच्या पोटाला पाठ टेकून, खाली पोतं टाकून, मांडीवर ताट घेऊन वाटाणे सोलत होती. गाय निवांत रवंथ करत होती.

"अगं, इथं कशाला बसलीस?" मी म्हटलं.

ती दचकून उठायला लागली. मी तिला हातानंच बस म्हटलं. मग मीच पोत्याच्या कडेला बसले. तेव्हा तिनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या नव्या शिकलेल्या मराठीत सांगितलं. तिच्या गावी गुरं खाली बांधतात आणि माणसं त्यांच्या वर राहतात. गुरांची ऊब फळ्यांतून वर येते. भिंती दगड आणि लाकडाच्या, दारं एवढी ठेंगणी की वाकून आत जावं लागतं. हिवाळ्यात सगळं घर एकाच खोलीत राहतं, मधे लोखंडी शेगडी, तिला ते तंदूर म्हणतात. धूर नळीतून बाहेर जातो आणि ऊब आत राहते.

"आमच्याकडं थंडी बाहेर असते, आई," ती म्हणाली. "इथं ती घरात राहते."

मीही गाईला पाठ टेकली. थोड्या वेळानं पाठीच्या कण्यातून ऊब चढत गेली आणि माझे खांदे सैल पडले. इतकी वर्षं ह्याच गोठ्यात शेण काढलं, धारा काढल्या, पण गाईला टेकून कधी बसले नव्हते. आम्ही दोघींनी मिळून वाटाणे संपवले. त्या दिवसापासून आमचं दार दिवसा लावलेलं असायचं. पत्र्याखालच्या फटीत ह्यांनी पोती कोंबली. लोकांनी विचारलं, तर हे म्हणायचे, वारा लई सुटलाय.

पुढच्या पावसाळ्यात सुनेला दिवस गेल्याचं कळलं आणि तारीख आली ती थेट फाल्गुनाच्या तोंडावरची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तेव्हा तर तिकडं बर्फ. मी म्हटलं, नारायणगावात चांगले दवाखाने आहेत, इथंच राहा. ती हळूच म्हणाली, "आई, मला माझी आई पाहिजे." मी स्वतः माझ्या बाळंतपणाला महाळुंग्याला जाऊन राहिले होते. आईच्या हातचा शेक, आईच्या हातची पेज. हिला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? रस्ते बंद व्हायच्या आत मुलगा तिला सोडून आला. आणि तारीख जवळ आली तशी मीही मुलाबरोबर निघाले, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. हे म्हणत होते, तू तिथं जाऊन आजारी पडशील. मी म्हटलं, पडले तर सून नर्स आहे.

चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढं एसटीसारख्या गाड्या बदलत, सतलज नदीच्या कडेकडेनं वर. वाटेत मुलानं मला रबरी बूट आणि जाड मोजे घेतले. शेवटी एका वळणावर रस्ताच संपला. रस्ता तिथंच होता खरं तर, पण बर्फाखाली. तिथून सामान पाठीवर घेऊन चढत गेलो. श्वास घेतला की नाकातले केस काट्यासारखे टोचायचे. डोळ्यांतून पाणी यायचं ते गालावर थिजायचं. मी मनात म्हटलं, खोडदची थंडी म्हणजे हिच्यापुढं तान्हं लेकरू.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, डोक्यावर हिरव्या पट्टीची गोल टोपी. त्यांना मराठी येत नव्हती, मला त्यांची बोली येत नव्हती, आणि हिंदी दोघींचीही टीव्हीपुरती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सरळ आपल्या शालीखाली, काखेत दाबून धरले. मग मला आत नेलं, माझे ओले मोजे स्वतः काढले आणि तंदूरवर वाळत टाकले. खोलीत घरची माणसं बसलेली. मी आत जाताच सगळे थोडे थोडे सरकले आणि तंदूरजवळची जागा मोकळी झाली. खालून गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. सून माझ्याकडं बघून हसत होती. अंगात एकच स्वेटर, गाल लाल आणि तोंडाचा पट्टा चालू. ही एवढी बोलते हे मला तिथं कळलं.

तिथल्या थंडीच्या गोष्टी सांगितल्या की आमच्याकडं लोकांना खोट्या वाटतात. बाहेर वाळत घातलेला टॉवेल पाटासारखा ताठ उभा राहायचा. नळ गोठलेला, म्हणून पातेल्यात बर्फ भरून तंदूरवर वितळवायचा. माझे लाडू असे दगड झाले की आधी शेकून मग खावे लागले. साडीत माझे हाल बघून विहीणबाईंनी त्यांचा लोकरीचा पायजमा मला घातला. जन्मात पहिल्यांदा पायजमा घातला मी. मुलगा हसला, तसं त्याला म्हटलं, फोटो काढून वडलांना पाठवलास तर बघ. त्यानं पाठवलाच.

सुनेला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. सकाळपासून बर्फ पडत होता. दवाखाना खालच्या गावात, जीप वरपर्यंत येईना. विहीणबाई गॅलरीत गेल्या आणि त्यांनी नुसती एक लांब हाक दिली. घराघरांतून माणसं बाहेर आली, फावडी घेऊन, खराटे घेऊन. कुणी कुणाला काय करायचं ते सांगितलं नाही. पुढचे बर्फ ओढत होते, मागचे वाट झाडत होते. सुनेला घोंगड्यांत गुंडाळून एका लाकडी खुर्चीवर बसवलं, खुर्चीला दोन दांडे बांधले आणि मुलानं आणि गावच्या गड्यांनी ती खांद्यावर घेतली. विहीणबाईंनी आपल्या शालीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. मी घसरले की त्या थांबायच्या, मला उभं करायच्या आणि पुढं चालायच्या. लेकीची काळजी त्यांना नसेल का? पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. खाली रस्त्यावर चाकांना साखळ्या बांधलेली जीप उभी होती.

अंधार पडायच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो आणि संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप. नर्सनं बाळ बाहेर आणलं, तेव्हा विहीणबाईंनी हात पुढं केले नाहीत. मला कोपरानं ढोसलं आणि मानेनं खुणावलं, तुम्ही घ्या. मी घेतलं. एवढासा जीव, पण घोंगडीतून त्याची ऊब माझ्या हाताला लागत होती. मग मी तो विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला, आणि तेव्हा कुठं त्या रडल्या. मीही रडून घेतलं.

मी होळीच्या सुमाराला एकटीच परत आले. सून आणि नात उन्हाळ्यात येणार होत्या. मी ह्यांना म्हटलं, गोठ्याला लागून जी खोली आहे, ती नीट करायची. पत्र्याखाली फळ्यांचं छत, मधे भाताचा पेंढा, दार लहान, खिडकीला लाकडी झडप. सुतार म्हणाला, "वहिनी, एवढं खाली छत? कोंबड्या ठेवायच्यात काय?" ह्यांनी त्याला माझा पायजम्यातला फोटो दाखवला आणि म्हणाले, "बाई हिमाचल बघून आलीय. सांगती तसं कर."

त्या खोलीत नातीनं खोडदचा पहिला हिवाळा काढला. तिथंच तिची अंघोळ, तिथंच धुरी. शेजारणी तिला बघायला म्हणून यायच्या आणि निवडायची भाजी घेऊन दुपारपर्यंत बसायच्या. सुनेला आता नारायणगावात दवाखान्यात नोकरी आहे. मराठी ती आमच्यासारखीच बोलते. गेल्या थंडीत मी तिला फोनवर तिच्या माहेरच्यांना चुकून मराठीतच सांगताना ऐकलं की इकडं लई गारठा हाय, आणि पलीकडं कुणालाच काही कळलं नसणार.

ह्या जानेवारीत विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडं आल्या. पुन्हा शेजारपाजारचं तेच, त्यांना कसली थंडी. पण मी आधीच त्या खोलीत गाद्या घालून ठेवल्या होत्या, आणि त्या आत आल्या तशा आम्ही सगळे सरकून बसलो. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्यांना लेण्याद्रीला नेलं. पायऱ्या चढताना मला धाप लागत होती आणि त्या नातीला पाठीवर बांधून माझ्या पुढं. वर लेण्यातला दगडी स्तूप बघून त्या थबकल्या. त्यांच्याकडं बुद्धालाही मानतात. असं काही इथं असेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत स्तुपाला फेऱ्या घातल्या. मग शेजारच्या लेण्यात गिरिजात्मजासमोर माझ्याबरोबर हात जोडले. मीही त्यांच्याबरोबर एक फेरी घातली होती.

परतताना वाटेत आमच्याच रानात थांबलो. द्राक्षाच्या बागेच्या कडेला मेथीचा वाफा आहे. विहीणबाई तिथं चक्क मातीत बसल्या. पानं हातानं चाचपून बघितली, एक तोडून तोंडात टाकलं. मग सुनेला काहीतरी विचारलं. सून हसायला लागली.

"आई विचारतेय, ह्याच्यावर बर्फ पडला तर झाकता कशानं?"

मी म्हटलं, काही झाकत नाही. असंच उघड्यावर येतं. त्यांचा विश्वास बसेना. भर हिवाळ्यात हिरवं पान जमिनीतून उपटून खायचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडं ह्या दिवसांत वाळवलेली भाजी. मी म्हटलं, घ्या, पाहिजे तेवढी घ्या. त्यांनी शाल पसरली आणि एकेक जुडी उपटून, मुळांची माती झटकून तीत ठेवू लागल्या. नातही मधे बसली आणि आजीला मदत म्हणून पानं तोडून तोंडात घालू लागली. ऊन पाठीवर होतं. शाल भरत आली तरी विहीणबाई उठेनात, तेव्हा मी पलीकडच्या वाफ्याकडं बोट दाखवलं. तिकडं कोथिंबीर होती.