तेलविहिरीची रांगोळी

आमच्या शोकेसमध्ये प्लास्टिकच्या ताजमहालाशेजारी एक काळी बाटली असायची. पाहुणे विचारायचे, "हे काय, काढा?" की बाबा खुर्ची पुढे ओढायचे आणि आई कपाळाला हात लावून चहा टाकायला जायची. आता अर्धा तास कंपनीचा इतिहास होणार, हे तिला ठाऊक असायचं. बाबा तेल शोधणाऱ्या कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि त्या बाटलीत समुद्रातून निघालेलं पहिलंवहिलं कच्चं तेल होतं.

"मोठमोठे परदेशी साहेब सांगून गेले, इथे थेंब मिळायचा नाही," बाबा सांगायचे. "आपली माणसं म्हणाली, बघू तर!" मग जहाज यायचं, मग समुद्रात विहीर खणणारी रिग यायची, मग तेल वर यायचं आणि माणसं ते एकमेकांच्या गालाला फासायची. मला सगळं तोंडपाठ होतं. बाबांनी एखादा प्रसंग गाळला की मीच मधे तोंड घालायचे.

आम्ही पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा चौदा दिवस समुद्रात रिगवर आणि चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचे. चढण्याआधी माणसाचं आणि बॅगेचं वजन व्हायचं, म्हणून आई चकल्यांचा डबा घेऊन आली की बाबा म्हणायचे, "अगं, मला उतरवतील आणि चकल्या तेवढ्या नेतील!"

रिगवर त्यांचं काम ऐकायला फारच साधं होतं. विहीर खणताना खोलवरून दगडाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. दर काही मीटरला तो चुरा घ्यायचा, धुवायचा, वाळवायचा, छोट्या कापडी पिशवीत भरायचा आणि वर विहिरीचा नंबर आणि खोलीचा आकडा लिहायचा. पुढे विहीर राखायची की बुजवायची, हे ठरवायला त्या पिशव्या लागायच्या.

मी नववीत होते त्या दिवाळीत बाबा घरी आले ते हवेत तरंगतच. त्यांच्या वरिष्ठांनी एक विहीर बुजवायची जवळजवळ ठरवली होती आणि नेमका तिथल्याच एका थरात बाबांना तेलाचा अंश दिसला होता. दिवाळीनंतर मीटिंग होती. त्या थराचा बाकीचा चुरा रिगवरच्या तपासणीतच संपला होता, एक पिशवी काय ती उरली होती. ऑफिसला सुट्टी, म्हणून बाबांनी ती घरी आणून कपाटावर ठेवली. पिशवी घरी आणायची त्यांची ही पहिलीच वेळ. "ह्या विहिरीला तेल लागलं ना," ते आईला म्हणाले, "तर ती माझी." एरवी ते सगळं 'आमचं' म्हणायचे. हे 'माझी' मी आतल्या खोलीतून ऐकलं. पण पिशवी कुठे ठेवली ते ऐकलं नाही, कारण मी माझ्याच तंद्रीत होते.

लक्ष्मीपूजनाला आमच्या बिल्डिंगमध्ये रांगोळीची स्पर्धा असायची. समोरच्या मालवणी काकू ओळीनं तीन वर्षं पहिल्या आल्या होत्या. येता-जाता मला म्हणायच्या, "यंदा तरी रेष सरळ मार गो!" मी पेटले. म्हटलं, थांबा, दाखवतेच! दुपारी जेवण उरकून दाराबाहेर मोर काढायला बसले, तर अर्ध्या पिसाऱ्यातच पांढरी रांगोळी संपली. खाली दुकानातही संपलेली. झाली का पंचाईत! आई कधीकधी जास्तीची रांगोळी वर ठेवते म्हणून स्टुलावर चढले, तर कपाटावर पिशवी. आत पिवळसर पांढरा चुरा. वरचे आकडे दिसले, पण आई डाळीच्या डब्यांवरही तारखा लिहायची, ते कोण वाचतंय? चुरा जरा भरड होता, म्हणून मी तो खलबत्त्यात मस्त बारीक कुटला.

कंपनीचा अख्खा इतिहास पाठ असलेल्या मुलीनं!

मोर मात्र असा उतरला म्हणता! काकू बघायला आल्या आणि वाकून वाकून पिसारा न्याहाळू लागल्या. परत जाताना त्यांच्या पायानं पणती कलंडली आणि पिसाऱ्यावर गोडेतेल पसरलं. मी भांडायला तोंड उघडणार, एवढ्यात बाबा झेंडूची फुलं घेऊन जिना चढून आले.

ते थबकले. उकिडवे बसले. पिसाऱ्याची चिमूट बोटांत चोळली.

"ही पांढरी कुठून आणलीस?"

"कपाटावरून."

बाबा तिथेच उंबरठ्यावर बसले. फुलांची पिशवी तशीच हातात. आई बाहेर आली, तिला सगळं लक्षात आलं आणि ती जुन्या पोस्टकार्डानं चुरा गोळा करू लागली. गुलाबी रंग, निळा रंग, जिन्यातली धूळ, वर तेल. बाबांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि एकदम हसायलाच लागले. "आता यात तेल शंभर टक्के सापडणार!"

आई हळूच म्हणाली, "अहो, मग हेच देऊन टाका ना. कुणाला कळतंय?"

खरं सांगते, ते हो म्हणावेत म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. बाबा उठले, फुलं आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "मला कळतंय ना."

सुट्टी संपल्यावर ऑफिसात जाऊन त्यांनी सांगितलं, "नमुना माझ्या घरी खराब झाला, चूक माझी." माझा उल्लेखही केला नाही. त्यांना मेमो मिळाला आणि विहीर बुजवली. तिथे खरंच तेल होतं का, हे कुणालाच कळलं नाही. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण पाहुण्यांना इतिहास सांगणं मात्र कमी झालं. आणि मी इतकी नालायक, की लाज वाटत असतानाही मनात एक रुसवा होताच. काकू पुन्हा पहिल्या आल्या, आणि मोराबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

बाबा रिटायर झाले तेव्हा कंपनीनं आपल्या इतिहासाचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्यांना भेट दिला. बाबा गेल्यावर कपाट आवरताना मी तो पहिल्यांदा उघडला. गुळगुळीत कागद, हार घातलेले साहेब, रिगसमोर उभे मंत्री. बाबांचं नाव शोधलं, कुठेच नव्हतं. शेवटी बारीक अक्षरात सगळ्या विहिरींची यादी होती. त्या रिकाम्या पिशवीवरचा 'माझी'चा नंबर मी कसा विसरेन? बोट फिरवत तिथवर गेले. समोर इंग्रजीत एकच शब्द छापला होता, 'ड्राय'. कोरडी, म्हणजे तेल नसलेली.

त्याच्या बाजूला पेन्सिलीनं, बाबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "पुरावा गेला. मोर झकास होता."