मानेपासून मांडीपर्यंत

माझी ताई दवाखान्यात एक मशीन चालवते. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या रक्तवाहिन्या आतून किती ताठरल्यात, ते त्यावर कळतं. सुई नाही, रक्त नाही. मानेवर पेनासारखं यंत्र टेकवायचं, मांडीला पट्टा बांधायचा, मधलं अंतर टेपने मोजून मशीनला सांगायचं. ठोका तेवढं अंतर किती वेगाने कापतो, ते मशीन सांगतं. वाहिनी जितकी ताठ, तितका वेग जास्त. आकडा दहाच्या आत असला की ठीक.

ताई मुळात काळजीखोर. कडी लावली की तीनदा ओढून बघणारी. त्यात आमचे आप्पा. त्यांचं बीपी कायम एकशेवीस-ऐंशी, डॉक्टर कौतुक करायचे, आणि एका सकाळी बूट घालता घालता गेले. तेव्हापासून "मला बीपी नाही" असं छाती काढून म्हणणाऱ्या माणसाचीच तिला जास्त धास्ती वाटते.

ताईच्या दवाखान्यात यावर संशोधन चालू होतं, त्याला अशीच माणसं हवी होती. कॉलेजची पोरं तपासून झाली, मोठ्या वयाची मिळेनात, म्हणून तिने मला धरून नेलं. मी शिंपी. बैठं काम, पोट सुटलेलं.

"किती आला?" तपासणी झाल्यावर मी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. पण आमच्या घरात खोटं बोललं की कान लाल होतात, आणि तिचे झाले होते.

मग आठवडाभर ती रोज दुपारी दुकानात. अळणी डबा, वर "जिना सावकाश चढ." शेवटी माझं डोकं फिरलं.

"सरळ सांग ना. तिरडीचं माप मीच घेऊन ठेवू का?"

तिचे डोळे भरले. "साडेदहा."

मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगतो, घाबरलो. त्या दिवशी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. वाया गेलेली बाही बघत बसलो असताना एकदम आठवलं, तिने टेप धरली कशी होती? चांगली पोटाला चिकटवून, कपड्याचं माप घ्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "अगं, बोगद्याचं अंतर हवं होतं, तू घाटाचं मोजलंस. पोरांची पोटं सपाट, तिथे चाललं."

मी कापडाच्या टेबलावर उताणा झोपलो. तिने माझी लाकडी पट्टी पोटाच्या वर हवेत सरळ धरली. पाच सेंटिमीटर कमी भरले. तिने मोबाइलवर हिशेब केला. नऊ पूर्णांक सात.

माझ्या जिवात जीव आला. मी चहा सांगायला निघालो, पण तिने पट्टी खाली ठेवली नाही.

"आता माझं घे."

"तुझं कशाला?"

"तुझ्या आधी मी माझंच तपासलं होतं. अकरा." ती टेबलावर आडवी झाली. "माझंही चुकलं असेल ना रे?"

ताई म्हणजे काडी. गेल्याच महिन्यात मी तिचे दोन कुडते आत घेतले होते. मी आधी टेप लावली, मग पट्टी. मग पुन्हा दोन्ही. एका सुताचाही फरक नव्हता.

"किती?" तिने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

ती माझ्या कानांकडे बघत होती.